कॅसलरॉकच्या क्लबातला भोंगा

टाळ्या चालू होत्या. मी वाकून नमस्कार करत होतो. तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारातून रेल्वेचा कॉलमन बसाप्पा आत शिरला.

बसाप्पा धावत आला होता. हातात लांबट वही, कानामागं पेन्सिल. त्यानं दम न घेता नावं वाचायला सुरुवात केली. नाव आलं की माणूस उठायचा. काय झालं म्हणून कुणी विचारलं न्हाई. खुर्च्या सरकल्या. पुढच्याच्या पाठीवर वही ठेवून मागच्यानं सही केली, सहीपुढं टाईम टाकला आणि निघाला. पाच मिनिटांत पुढच्या आठ रांगा रिकाम्या. मी स्टेजवर तसाच, हात जोडलेले.

सगळ्यांना वाटलं, घाटात गाडी पडली. गाडी कुठंच पडली नव्हती. अपघाताचा भोंगा मी वाजवला होता. तोंडानं.

आता जरा मागं जातो, न्हाईतर तुम्हाला वाटेल मी मुद्दाम केलं.

मी रामनगरचा. शाळा रामनगरलाच, मराठी माध्यम, दहावीपर्यंत, त्यात नववी दोनदा. वडिलांचं स्टँडासमोर चहाचं हॉटेल. बेळगावहून गोव्याला जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या दारात थांबायचा, आणि प्रत्येक ड्रायव्हरचा हॉर्न, शिवी आणि खोकला मला पाठ होता. गिऱ्हाईक गेलं की मी त्याची नक्कल करायचो. एकदा गिऱ्हाईक जायच्या आधीच केली. तेव्हा वडील म्हणाले, ह्याला कुठंतरी लावून द्या. खानापूरच्या परशराम मास्तरांचा 'सुरंगी मेलडी' नावाचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात मला लावून दिलं.

ऑर्केस्ट्रात माझ्यासारख्याला 'फिलर' म्हणतात. एक गाणं संपलं, दुसऱ्याला गिटारवाला तार लावतोय, गायिका पाणी पितेय, तेवढ्या वेळात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून जो तोंड वाजवतो तो फिलर. आणि मोठा आर्टिस्ट येणार असेल तर त्याच्या आधी पंधरा मिनिटं हॉल 'तापवून' द्यायचा असतो. लोक आधी थोडं हसलेले असले की मोठ्या माणसाला पहिलं हसू सोपं जातं. थंड हॉल कुणालाच नको असतो.

त्या वर्षी मास्तरांनी मोठी उडी मारली. मुंबईहून सदा भांदुर्गेंना बोलावलं. तेव्हा मराठी पिक्चरमध्ये हवालदार दिसला की तो सदाभाऊच असायचा. पोट पुढं, पट्टा ढिला, तोंडात शिट्टी. आमच्या हॉटेलात त्यांचा फोटो होता, कॅलेंडरच्या शेजारी. पहिला प्रोग्राम कॅसलरॉकच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, रविवारी दुपारी चारला. त्यापुढं लोंढा, दांडेली करत दहा गावं. मास्तरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. "सदाभाऊ व्हय म्हणाले तर दहा बी गावं तुझी. न्हाई म्हणाले तर पुढल्या गाडीनं रामनगर, आणि कपबश्या."

इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वेच्या लोकांचा क्लब. एक हॉल, एक कॅरमची खोली, भिंतीवर जुन्या टूर्नामेंटच्या ढाली. तेव्हा छोटी लाईन होती. कॅसलरॉक म्हणजे घाटाचं तोंड. इथून गाडी गोव्याकडं उतरते, आणि चढताना मागून दुसरं इंजिन ढकलायला लावतात. गावात जंगल आणि रेल्वे, तिसरं काही न्हाई. मावशीचे यजमान तिथं रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, म्हणून लहानपणी सुट्टीत मी तिथंच असायचो. त्यामुळं गावचे आवाज मला फुकटात मिळाले होते. स्टेशन मास्तरांचा फोन, चढणीचं इंजिन, प्लॅटफॉर्मवरचा चहावाला जो 'चाय' तमिळात म्हणायचा आणि पैसे कन्नडात मागायचा.

आणि इंजिनाच्या शेडचा भोंगा. घाटात गाडी पडली की शेडवर भोंगा व्हायचा. ठराविक वेळा, ठराविक लांबीचा. तो झाला की रिलीफ व्हॅन, म्हणजे अपघाताची गाडी, निघायची. फिटर, ड्रायव्हर, त्यांच्या हाताखालचे खलाशी, ज्यांची नावं यादीत असतील त्यांनी असेल तिथून शेडकडं पळायचं. आणि जो घरी असेल त्याला बोलवायला कॉलमन वही घेऊन दारोदार जायचा. वहीत सही केली की माणूस ड्युटीवर. भोंगा किती वेळा आणि किती लांब, ते मी इथं लिहिणार न्हाई. तशी शपथ घातलीय. कुणी, ते पुढं येईल.

तर त्या रविवारी हॉल गच्च भरला. पुढं पुरुष, मागं बायका आणि पोरं, अशी तिथली पद्धत. आत मावले न्हाईत त्यांच्यासाठी मास्तरांनी एक हॉर्न, म्हणजे लाउडस्पीकरचा मोठा कर्णा, बाहेर जांभळीच्या झाडाला बांधला. तोंड शेडच्या दिशेला. मी स्वतः दोरी ओढली होती. ड्युटीवरच्या लोकांनाबी ऐकू जाईल म्हणून मला बरंच वाटलं.

माझा आयटम झकास चालला. स्टेशन मास्तरांचा फोन झाला, इंजिन झालं, चहावाला झाला. लोक मांड्या बडवत होते. आता शेवट दणक्यात पाहिजे. मी माईक तोंडाजवळ घेतला, छातीत हवा भरली आणि भोंगा सोडला. पूर्ण. एकही कमी न्हाई.

हॉलातल्यांना दिसत होतं की हे कार्टं करतंय. ते हसले, टाळ्या वाजवल्या. बाहेरच्यांना दिसत नव्हतं. बसाप्पा शेडच्या ओट्यावर बसला होता. तीस वर्षांची सवय. भोंगा कानावर पडला आणि तो वही घेऊन उठला. शेडमधल्यांनी व्हॅनची दारं उघडली.

तुम्ही म्हणाल, हॉलातली माणसं का उठली? त्यांनी तर मला बघितलं होतं. मीही नंतर एका फिटरला हेच विचारलं. तो म्हणाला, "तू केलास त्याच टायमाला खरा बी झाला असंल. वही आली म्हणजे वही आली." रेल्वेचा माणूस कानावर एक वेळ विश्वास ठेवणार न्हाई, वहीवर ठेवतो.

मी कॅरमच्या खोलीत पळालो. तीच आमची मेकअप रूम होती. सदाभाऊ हवालदाराचा पट्टा आवळत उभे होते. मास्तर डोक्याला हात लावून खाली बसलेले. मी सगळं सांगितलं. मास्तर फक्त "कपबश्या," एवढंच म्हणाले.

सदाभाऊंनी मला एकच विचारलं. घाटात खरंच काही झालंय का? मी म्हटलं, न्हाई. नक्की? नक्की. त्यांनी पट्टा काढला, टोपी काढली आणि कॅरमच्या बोर्डावर ठेवली.

"मग तू शेडवर जा. जो मोठा असेल त्याला खरं सांग. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

"आणि हॉल?"

"हॉल माझा आहे. पळ."

शेड दोनशे पावलांवर होती. मी पोचलो तेव्हा व्हॅनला इंजिन लागलं होतं. जॅक, दोरखंड, कंदील, सगळं जागेवर. दहा मिनिटांपूर्वी माझ्या चहावाल्यावर हसणारी माणसं आता बूट घालून गप उभी होती. त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. फोरमन कित्तूरसाहेब फोनवर होते. धारवाडकडचा माणूस, उंच, खिशात साखळीचं घड्याळ. ते फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते, गाडी कुठली, कुठं पडलीय. पलीकडून सांगत होते, सगळ्या गाड्या ठीक हायेत, तुम्हाला कुणी सांगितलं.

मी जाऊन सांगितलं, भोंगा माझा होता.

साहेबांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "भोंग्याचं हँडल कुलपात हाय, लेका. किल्ली माझ्याकडं. तू कसा वाजवलास?"

"तोंडानं."

"करून दाखव."

मी केला. पहिला निम्मा झाला असेल नसेल, साहेबांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. कारण खाली उभे असलेले दोघं तिघं व्हॅनमध्ये उड्या मारत होते. हात तोंडावर तसाच ठेवून साहेब सगळ्यांना कन्नडात म्हणाले, काही झालेलं न्हाई, खाली या. मग माझ्याकडं वळले. अपघाताचा खोटा कॉल म्हणजे काय असतं ठाऊक हाय का तुला? रिपोर्ट जाणार. क्लबला कुलूप लागणार. तुझा प्रोग्राम आत्ता, ह्या मिनिटाला बंद.

माझा दंड धरून ते हॉलकडं निघाले. मागं चाळीस पन्नास माणसं. मी मनात कपबश्या मोजत होतो.

दारापाशी आलो आणि सगळे थांबले.

आतून हसण्याचा आवाज येत होता. बायकांचा. तसला आवाज मी कुठल्याच प्रोग्रामात ऐकला नव्हता. पुढं पुरुष बसलेले असले की मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, खांदे हलतात तेवढे दिसतात. इथं त्या पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसल्या होत्या आणि मोकळ्या गळ्यानं हसत होत्या.

सदाभाऊ स्टेजच्या काठावर पाय सोडून बसले होते. ड्रेस न्हाई, टोपी न्हाई, शिट्टी न्हाई. माईकसुद्धा बाजूला.

मी नव्हतो तेव्हा काय झालं ते मला मागाहून मावशीनं सांगितलं. सदाभाऊ स्टेजवर आले तेव्हा बायकांत कुजबुज चालू होती. एक दोघी पोरं घेऊन उठल्या होत्या. सदाभाऊंचं पहिलं वाक्य विनोदाचं नव्हतं. हात वर करून म्हणाले, घाटात काहीही झालेलं नाही, कुणाच्याही माणसाला काही झालेलं नाही, आमच्या पोराची चूक आहे आणि ते पोर शेडवर सांगायला गेलंय. मग माईक बाजूला ठेवून स्टेजच्या काठावर बसले. बायकांना श्वास घेऊ दिला. आणि मग विचारलं, "एवढी घाई करून पळणारी ही माणसं घरी कशी असतात हो?"

 मग एकीनं सांगितलं. तिचा नवरा ड्रायव्हर. घरातून बाहेर पडताना दाराला दोनदा टकटक करतो, मग एक पाऊल मागं येऊन बघतो, मग निघतो. सदाभाऊ उठले आणि करून दाखवलं. नवऱ्याला त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. बायको म्हणाली, अगदी अस्सेच. मग सगळ्या सुटल्या. प्रत्येकीनं आपला नवरा आणून दिला, आणि सदाभाऊंनी तो तिथल्या तिथं उभा केला.

आम्ही दारात पोचलो तेव्हा गंगूअक्का उभी राहून बोलत होती. गंगूअक्का म्हणजे कित्तूरसाहेबांची बायको. ती सांगत होती, मी देवळात गेले आणि यायला उशीर झाला की हे घड्याळ काढतात. किती मिनिटं लेट, कारण काय, सगळं विचारतात. मग डायरीत लिहितात. मी काही सांगितलं तरी ह्यांच्या डायरीत शेरा एकच, 'कारण समाधानकारक नाही.'

सदाभाऊंनी नसलेलं घड्याळ नसलेल्या खिशातून काढलं. साखळी ओढायची ती ढब, मान तिरकी करायची ती ढब. मी चमकलो. माझ्या दंडाला धरून हेच साहेब आत्ता उभे होते, आणि तेच तिकडं स्टेजवर पण उभे होते. ते सुद्धा फक्त बायकोच्या चार वाक्यांवरून. मी आठवडाभर स्टेशनवर बसून आवाज गोळा करतो. ह्या माणसानं पाव तासात माणूस गोळा केला होता.

मग बायकांचं लक्ष दाराकडं गेलं. हसणं एकदम बंद. गंगूअक्का खाली बसली. एवढ्यावरून सदाभाऊंनी ओळखलं, दारातला कोण ते.

 आता साहेब बोलले की संपलं.

सदाभाऊ आधी बोलले. अगदी साध्या आवाजात, नक्कल न करता. "फोरमनसाहेब, आपली माणसं शेडवर किती मिनिटांत पोचली?"

साहेबांचा हात सवयीनं खिशात गेला. घड्याळ निघालं. "नऊ."

"आणि नियम किती मिनिटांचा?"

"पंधरा," साहेब म्हणाले. मग घड्याळ खिशात ठेवत, "मागच्या सरावाला एकवीस लागली होती."

हे सदाभाऊंना ठाऊक होतं. सराव पुन्हा घ्यायचा राहिलाय आणि त्यावरून वरून पत्र आलंय, हे गंगूअक्कानं आधीच बोलता बोलता सांगून टाकलं होतं. मला ते नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सदाभाऊ बायकांकडं वळले आणि म्हणाले, "रविवार आहे, जेवून आलेत, समोर प्रोग्राम चालू आहे. तरी वहीवर सही करून नऊ मिनिटांत पोचले. टाळ्या आमच्यासाठी वाजवता. आज ह्यांच्यासाठी वाजवा."

आणि बायकांनी वाजवल्या. आपल्याच नवऱ्यांसाठी. दारात ती सगळी माणसं, कुणाच्या हाताला ग्रीस, कुणाच्या खांद्यावर दोरखंड तसाच, आणि एकालाही कुठं बघावं ते कळेना. पाटील फिटर तर बुटाची नाडी बांधायला खाली बसला. बांधलेली होती.

टाळ्या संपल्यावर गंगूअक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "घरी बाजार आणायला किती मिनिटं लागतात, ते बी इचारा."

हॉल फुटला. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी माझा दंड सोडला. आत जाऊन बसायला जागा बघितली. पुढच्या सगळ्या खुर्च्या बायकांनी धरलेल्या. कुणी उठलं न्हाई. साहेब आणि चाळीस माणसं मागं जाऊन पोरांच्यात बसली. उरलेला प्रोग्राम तसाच झाला. सदाभाऊंनी हवालदार केलाच न्हाई. तो पट्टा शेवटपर्यंत कॅरमच्या बोर्डावर पडून राहिला.

प्रोग्राम संपल्यावर साहेब आत आले. व्हॅनला इंजिन लागलं होतं म्हणजे रजिस्टरला काहीतरी लिहावं लागणार होतं. त्यांनी लिहिलं, 'अचानक सराव. नऊ मिनिटं. समाधानकारक.' गंगूअक्कानं ते वाचलं आणि म्हणाली, हा शब्द यांना येतो म्हणजे. साहेबांनी मग माझ्याकडून शपथ घेतली. तो भोंगा पुन्हा करायचा न्हाई, कुणाला शिकवायचा न्हाई, कुठं लिहायचा न्हाई. ती मी अजून पाळतो.

राहिला माझा निकाल. सदाभाऊ तोंड धुऊन, गंगूअक्कानं पाठवलेली भजी खात बसले होते. मास्तर एका कोपऱ्यात. मी दुसऱ्या.

सदाभाऊ म्हणाले, "भोंगा चांगला होता. तुला समोर बघत होतो, तरी मलाही क्षणभर खरा वाटला. तीस वर्षं लोकांना हसवतोय, कुणाला बूट घालायला लावलं नाही कधी."

मी हसलो. ते हसले नव्हते.

"तू भोंगा केलास तेव्हा मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. पुरुष हसले. मागची एकही बाई हसली नाही. तुला दिसलं?"

मला दिसलं नव्हतं. मी टाळ्या ऐकत होतो.

"जा, विचारून ये, का नाही हसल्या."

मी गेलो. मावशीकडं गेलो न्हाई, तिनं मला सांभाळून सांगितलं असतं. गंगूअक्काकडं गेलो. ती अंगणात भांडी विसळत होती. तिनं वर न बघता सांगितलं. "भोंगा झाला की आम्ही चूल इझवत न्हाई, बाबा. माणूस कवा परत येईल कुणाला ठावं. एकदा तीन दिस तशीच ठेवलीती. तुझं तू केलंस, पोरं हसली. मला घरची चूल आठवली." मग तिनं मला दोन भजी दिली आणि जा म्हणाली.

परत येऊन मी सदाभाऊंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मास्तरांना म्हणाले, "येऊ दे ह्याला. दहाही गावं. पण एक दिवस आधी पाठवायचा. स्टेशनवर बसून आवाज गोळा करायला नको. घरोघरी जाऊन बसायला. तिथलं काय काय आहे ते येऊन मला सांगायचं. मग स्टेजवर काय करायचं ते दोघं बघू."

दहाही गावं मी केली. नंतर सदाभाऊंबरोबर आणखी बरीच. ते स्टेजवर जायच्या आधी मी हॉल तापवायचो, आणि मग विंगेत उभा राहून बघायचो. लोक त्यांच्याकडं बघायचे. ते लोकांकडं बघायचे. शेवटच्या रांगेपर्यंत. बाकी सगळं मी शिकलो, ते बघणं मला अजून निम्मंच जमतं.

धडा म्हणाल तर साधा हाय. प्रोग्रामाला गेलो की आजही मी माईक तपासत न्हाई. आधी बाहेर जातो आणि बघतो, हॉर्नचं तोंड कुठं हाय आणि त्या बाजूला कोण राहतं. दवाखाना असेल तर ॲम्ब्युलन्स करत न्हाई. शाळा असेल तर घंटा करत न्हाई, पोरं घरी जातात.

दोन वर्षांनी कॅसलरॉकला पुन्हा बोलावलं. बायका पुढं बसल्या, आता तीच पद्धत झाली होती. मी फक्त कुत्रा, चहावाला आणि पाटील फिटरची बांधलेली नाडी केली. कित्तूरसाहेब हॉलात दिसले न्हाईत. बाहेर जाऊन बघितलं तर जांभळीच्या झाडाखाली, बरोबर हॉर्नच्या तोंडासमोर, खुर्ची टाकून बसले होते. हातात घड्याळ. शेजारी बसाप्पा, आणि त्याची वही साहेबांच्या मांडीखाली दाबलेली.